दिरहम साडेतीन झाला की

रविवार, १५ एप्रिल १९८४

ही डायरी दुबईहून आली आहे आणि ती उलटी उघडते! अरबी लोक उजवीकडून डावीकडे लिहितात म्हणे. मी आपलं नेहमीसारखं पहिलं पान समजून नाव घातलं, तर ते निघालं डिसेंबरचं शेवटचं पान. आता खोडत कोण बसतंय! 'काशी गोटीराम, मुक्काम करावे' (करावे हे आमचं गाव) हे तिकडं डिसेंबरात राहू दे. मी दुसऱ्या टोकाकडून सुरू करते. छापील तारखांकडं बघायचं नाही, आपल्या आपण घालायच्या, असं ठरवून टाकलं.

किसन काल विमानानं परत गेला. पाडव्याला आमचा साखरपुडा झाला आणि दोन आठवड्यांच्या आत पोरगा भुर्र! सोडायला टेम्पो भरून माणसं गेली होती. आईनं त्याच्या बॅगेत सुक्या बोंबलांची पुडी कोंबली, तर तो 'वास येतो, वास येतो' करत राहिला. मला जाताना एवढंच म्हणाला, "दर बघत राहा."

दर म्हणजे दिरहमचा. दुबईचा रुपया म्हणजे दिरहम. आज एका दिरहमला आपले दोन रुपये चौऱ्याण्णव पैसे मिळतात. दिरहम तीन रुपये झाला की जमवलेले सगळे एकदम बदलून घेणार आणि येऊन लग्न करणार, असं किसननं सगळ्यांसमोर बाबांना सांगितलं. आमच्यात हुंडा नाही, लग्नाचा खर्च मुलाकडचा, म्हणून तारीखही त्याच्याच हातात. बाबा तर एकदम खूश. "पोरगा हिशेबी हाय. सहा पैशांसाठी थांबनारा मानूस बायकोला उपाशी ठेवनार नाय."

आई निवट्या, ते खाडीतले मासे, साफ करत होती.

सहा पैसे! माझं लग्न सहा पैशांवर अडलंय! सकाळपासून मला नुसतं हसू येतंय.

मंगळवार, १७ एप्रिल

दर बघायचा कुठं? पेपरात डॉलर असतो, पौंड असतो, बिचाऱ्या दिरहमला कोण विचारतो! वाशीला माझ्या टायपिंगच्या क्लासखाली बँक आहे. आज मनाचा हिय्या करून आत शिरले. काउंटरवर एक चष्मेवाला होता. मी विचारलं, "दिरहम कसा आहे?" तो म्हणाला, "किती बदलायचेत?" मी म्हटलं, "बदलायचे नाहीत हो, लग्न करायचंय."

अगं आई गं! असं कोणी बोलतं का! मागं कांदा-बटाटा मार्केटमधला एक शेठ उभा होता, तो हसता हसता खोकायलाच लागला. मग मला किसनपासून सगळी गोष्ट सांगावी लागली. चष्मेवाला मात्र हसला नाही. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, की फोर्टच्या ऑफिसमधून रोज सकाळी डॉलरचा भाव फोनवर येतो. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, बैल खुंट्याला बांधतात तसा. डॉलरच्या भावाला तीन पूर्णांक सदुसष्टनं भागलं की दिरहम निघतो. चिठोऱ्यावर करूनही दाखवलं.

म्हणजे पेपर बघून घरीसुद्धा काढता येईल. पण भागाकार माझा शाळेपासून कच्चा, त्यात दशांश! त्यापेक्षा विचारलेलं बरं. तो म्हणाला, "रोज या, मी काढून ठेवीन." नाव धर्मराज. उरणजवळच्या मोरा गावचा आहे, उरणहून एसटीनं येतो. आवाज बरा आहे.

शुक्रवार, ४ मे

गाव खुळावलंय! मी बसमधून उतरले की चहाच्या टपरीवरनं हाळी येते, "काशे, काय फुटला आज?" मटक्याचा आकडा विचारावा तसा दिरहम विचारतात. परवापासून शेवटच्या आकड्यावर पैजासुद्धा लागायला लागल्या. आज दोन सत्त्याण्णव म्हटल्यावर सातवाले नाचले आणि पाचवाले माझ्यावरच चिडले, जसं काही मीच आकडा फोडला! बाबांना हे आवडत नाही, पण आपली लेक उतरल्याशिवाय गावाचा निकाल लागत नाही म्हणून आतून फुगलेतही.

धर्मराज साहेब आता माझ्यासाठी चिठोरं तयार ठेवतात. आज त्यावर दराखाली छोटं होडीचं चित्र होतं. मी विचारलं, हे काय? म्हणाले, "पेन चालतं का बघत होतो."

शुक्रवार, १८ मे

झाला! झाला! तीन झाला!

बसमधून उतरल्याबरोबर मी टपरीकडं बघून तीन बोटं वर केली, आणि जो काय ओरडा झाला! शेवंताबाई धवलारीण धापा टाकत घरी आली. आमच्या लग्नात भटजीपेक्षा धवलारणीचा मान मोठा, तिनं धवले गायल्याशिवाय लग्न लागत नाही. तिच्याकडं आधी तारीख ठरवावी लागते आणि ती महिनाभर आमच्या ओसरीवर चकरा मारतेय. "सांग गो बाय, जूनच्या आत का पावसानंतर? मना दुसऱ्यांना जबान द्यायची हाय." बाबांनी तिला सांगून टाकलं, पोरगा येतोच आहे, आठ दिवस थांब.

धर्मराज साहेबांनी आज चिठोरं दिलं नाही, तोंडानंच सांगितलं. "तीन पूर्ण. अभिनंदन." आणि लगेच शिक्के मारायला लागले. एवढी आनंदाची बातमी, जरा हसून सांगायला काय झालं होतं? बँकेतल्या माणसांचं असंच असतं.

रविवार, ३ जून

किसनची कॅसेट आली. तो पत्र लिहीत नाही, टेपवर बोलून पाठवतो. त्याची आई भागीरथीबाई बेलापूरहून कॅसेट घेऊन आली, आणि त्यानंच आणलेल्या टू-इन-वनवर आम्ही सगळ्यांनी मिळून ऐकली. ओसरीवर वीस माणसं. किसन म्हणाला, दर अजून वर चाललाय, आता बदलला तर येडेपणा होईल. सव्वातीन झाला की नक्की. सव्वातीन म्हणजे सव्वातीन, जबान दिली.

मध्येच मागून एका बाईचा आवाज आला, "किसन, चाय!" आणि ती हसली. भागीरथीबाईनं एकदम आवाज बारीक केला. मी म्हटलं, रेडिओ असेल. नाहीतर कामाला बाई ठेवली असेल, बिचारा किती दिवस हातानं भाकऱ्या थापणार! बरंच झालं की.

बाबा म्हणाले, "सव्वातीन म्हंजी पंचवीस पैशे जास्त. पोरगा हुशार हाय." शेवंताबाई पानाचा डबा मिटून उठली. आई माझ्याकडं बघत होती. मी का कोण जाणे, खूप खूश होते. उद्या सोमवार, बँक उघडी.

गुरुवार, १२ जुलै

तीन अकरा. आज साहेबांनी मला काउंटरच्या कडेला स्टूल दिलं. क्लास सुटल्यावर गर्दी असते, उभं राहून पाय दुखतात म्हणून. त्यांच्या डब्यात मांदेलीचं कालवण होतं. मी म्हटलं आम्ही कोकम जास्त टाकतो. मग कोकमावरून अर्धा तास गेला आणि दर विचारायचा राहिला, अर्ध्या वाटेतून परत जाऊन विचारला. टायपिंगमध्ये आज मी सगळीकडं डी डी डी मारत बसले, मास्तर वैतागले.

रविवार मला अजिबात आवडत नाही. रविवारी दर नसतो.

शुक्रवार, १७ ऑगस्ट

धर्मराज साहेब चार दिवस तापानं घरी आहेत. त्यांच्या जागी एक टक्कलवाले बसतात. त्यांनी तीन सोळा सांगितला. असेल बाबा सोळा. पण त्यांच्या तोंडून दर दरासारखा वाटतच नाही! मी गावात सांगायलाही विसरले, टपरीवाल्यांनी घरापर्यंत येऊन विचारला.

मला वाटतं मलाही ताप भरणार. जेवण जात नाही. आई म्हणाली, "तुला ताप नाय, भलतंच हाय." म्हटलं काय ते सांग तरी, तर ओट्याकडं वळून हसली.

मंगळवार, २१ ऑगस्ट

आले! बारीक झालेत. तीन सतरा! तीन सतरा! किती सुंदर आकडा आहे!

शुक्रवार, ५ ऑक्टोबर

काल दसरा आणि आज सव्वातीनच्या वर एक पैसा. तीन सव्वीस. गावात नारळ फुटला. शेवंताबाईनं तुळशीच्या लग्नानंतरचे दोन दिवस राखून ठेवले. मला मात्र दिवसभर डोकं जड. सणाचं गोड जास्त झालं असणार.

रविवार, २८ ऑक्टोबर

दुसरी कॅसेट. साडेतीन! किसन म्हणाला सव्वातीन तर झालाच, आता साडेतीन किती लांब? एकदाच लग्न करायचं तर साडेतीनलाच करू. शेवंताबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "साडेतीन मुहूर्त आयकले होते, साडेतीनचा दर पयल्यांदाच आयकते!" सगळे हसले, मी सगळ्यात जास्त. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. आईनं टेप बंद केला आणि बाबांना म्हणाली, "ती बाई कोन?" बाबा म्हणाले, "काशी बोलली ना, रेडियो हाय."

या वेळी ती बाई "किसन, चिनी कितनी?" म्हणाली होती. रेडिओवर हल्ली कायपण लावतात.

सोमवार, २६ नोव्हेंबर

महिनाभर लिहिलं नाही. दिवाळीनंतर देशात जे झालं त्यानं हातच गेला नाही. आता सगळं पुन्हा रोजचं. तीन एकोणतीस. साहेबांनी नवा शर्ट घेतलाय, आकाशी. चांगला दिसतो. मी तसं म्हटलं नाही, फक्त म्हटलं की शर्ट नवा आहे वाटतं. त्यावर त्यांनी दोन वेळा एकाच चेकवर शिक्का मारला.

शनिवार, १५ डिसेंबर

आज आई वाशीला आली! म्हणे बँक बघायची. साठ पावलंसुद्धा कधी उगीच न चालणारी आई, बसमधून उभी राहून आली. काउंटरवर जाऊन तिनं धर्मराज साहेबांना विचारलं काय असेल? "तू कोनाचा रं? भावंडं किती? बापूस काय करतो? मासे खातोस ना?" मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. साहेब उभे राहून, परीक्षेला बसल्यासारखे, एकेका प्रश्नाला उत्तर देत होते. एक बहीण, लग्न करून दिलेली. वडील नाहीत. आई सुमित्राबाई, मोऱ्याला असते. मासे खातो. शेवटी आईनं घरची जवळ्याची वडी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "आपल्यातलाच हाय."

येताना मी आईला फाडफाड बोलले. तिला काय पडलंय त्याच्या भावंडांचं! आई म्हणाली, "दर बघायला आलेली, बघितला." बघितला कुठं? दर तिनं विचारलासुद्धा नाही.

गुरुवार, ३१ जानेवारी १९८५

डायरीतलं वर्ष संपलं तरी पानं भरपूर उरलीत, म्हणून यातच.

साहेब म्हणाले, तीन सत्तेचाळीस. तीनच पैसे उरले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आता लवकरच." मी म्हटलं, "हो ना." मग मी स्टुलावरून लवकर उठले. कधी नव्हे ते.

बसमधून उतरले, टपरीवरनं हाळी आली आणि माझ्या तोंडून निघालं, "तीन चव्वेचाळीस!" का निघालं? माहीत नाही. जीभ घसरली. मग घरीही तेच सांगावं लागलं, नाहीतर दोन दर कसे होणार. तीन पैशांनी कोणाचं काय बिघडतंय. उद्या बरोबर सांगेन.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

दर अडकला! आठवडा झाला, साहेब रोज अठ्ठेचाळीस सांगतात. अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस, पुन्हा अठ्ठेचाळीस. मी घरी पंचेचाळीस सांगते. टपरीवर पाचवाल्यांची दिवाळी चाललीय, बाकीच्यांनी पैजा सोडल्या. भागीरथीबाई दोन दिवसांआड येऊन विचारते आणि अजून झाला नाही म्हटलं की तिचाही जीव भांड्यात पडल्यासारखा दिसतो, हे काही कळलं नाही. बाबांची मात्र झोप उडाली.

आणि मला काय झालंय! अडकल्यापासून मी उड्या मारतेय. काल ओटीवर झाडू मारताना गाणं म्हणत होते. दर अडकला म्हणून वाईट वाटायला हवं ना? वाटतं. वाटतंच. पण आज साहेबांनी चिठोऱ्यावर होडी काढली, आणि होडीत दोन माणसं होती.

मंगळवार, ५ मार्च

होळीसाठी शेजारचे देवजीकाका शारजाहून सुट्टीवर आले. वाडीतले सगळे त्यांच्याभोवती. बाबांनी विचारलं, "साडेतीन कवा होतोय तो दिरहम?" देवजीकाका म्हणाले, "होतोय? होऊन महिना झाला! मी परवा ड्राफ्ट काढला तीन त्रेपन्ननं."

बाबांनी माझ्याकडं बघितलं. मी आत पळाले.

महिना! क्लासमधून आणलेला पेपर चपलांखाली होता, तो ओढून काढला. डॉलर, बारा रुपये पंच्याण्णव पैसे. पाटीवर भागाकार मांडला. तीन वेळा चुकला, चौथ्यांदा बसला. तीन पूर्णांक बावन्न आणि वर थोडं. साहेब खोटं बोलले! रोज! तोंडाकडं बघून! मीच चव्वेचाळीस नि पंचेचाळीस सांगत होते ते वेगळं, मी काही बँक नाही. नाव धर्मराज आणि दर खोटा! उद्या होळी, परवा धुळवड. बँक उघडली की जाते आणि चांगली खरडपट्टी काढते.

बाहेर देवजीकाका बाबांना हळू आवाजात काहीतरी सांगत होते. "किसनला दर म्हायती नसनार काय? तो तिथंच तर हाय." मग आईचा आवाज आला, मोठ्यानं, "रेडियो चाय नाय देत गो काशे!"

मी पाटी मांडीवर घेऊन बसले. हळूहळू डोक्यात उजेड पडला. किसन. तो रोज एक्स्चेंजच्या, म्हणजे पैसे बदलायच्या दुकानाच्या, दारावरून जातो. तीन झाला तेव्हा त्याला आमच्या आधी कळलं. सव्वातीन झाला तेव्हाही. साडेतीन होऊन महिना झाला, आणि कॅसेट नाही. त्याला यायचंच नव्हतं! आणि भागीरथीबाईला ते पहिल्या 'चाय'लाच कळलं होतं.

वाईट वाटलं. खरंच वाटलं, रडलेसुद्धा. पण थोडंच. आईनं पाणी आणून दिलं, तेवढ्यात संपलं.

शुक्रवार, ८ मार्च

गेले. क्लासला नाही गेले, थेट बँकेत. रांग होती, रांगेत उभी राहिले, म्हणजे राग मुरायला वेळ मिळाला. नंबर आल्यावर म्हटलं, "डॉलर बारा पंच्याण्णव. भागाकार मी केला."

ते लाल झाले, कानापर्यंत. पेनाचं टोपण खाली पडलं. मी म्हटलं, "तीन बावन्नला तुम्ही अठ्ठेचाळीस का सांगत होता?"

त्यांनी इकडं तिकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "तुम्ही घरी काय सांगत होता?"

मी पडलेलं टोपण शोधायला खाली वाकले.

"तुमच्या गावचा माणूस आला होता मागच्या महिन्यात," ते म्हणाले. "पैज लागली होती त्याची. म्हणाला, काशीनं पंचेचाळीस सांगितलाय, खरा काय? मी म्हटलं, काशीबाईंनी सांगितला तोच खरा."

माझ्यामागं पुन्हा तोच कांदा-बटाटेवाला शेठ! तो म्हणाला, "साहेब, माझा चेक राहू द्या, तुमचं चालू द्या."

"मग मला विचारलं का नाही, मी असं का करते म्हणून?"

"विचारलं असतं तर तुम्ही खरा सांगायला लागला असता."

मी काय बोलले ते मला आठवत नाही. बसमध्ये बसले ती तुर्भ्याच्या बसमध्ये, उलट्या दिशेला. कंडक्टरनं उतरवलं. तिथून परत येईपर्यंत मी एकटीच हसत होते आणि शेजारची भाजीवाली माझ्यापासून सरकून बसली.

म्हणजे त्यालाही नको होतं माझं लग्न व्हायला! आणि मलाही! आणि दोघं रोज समोरासमोर बसून दराची काळजी करत होतो! अगं काशे, किती बावळट असावं माणसानं!

रविवार, १७ मार्च

शेवटची कॅसेट. भागीरथीबाई आली, पण आज ओसरीवर बसली नाही, उंबऱ्याशीच उभी. किसन म्हणाला, साडेतीन तर झाला पण दर चढतोय, पावणेचार झाला की...

बाबांनी पुढचं ऐकलंच नाही. टेपचं बटण दाबताना बटणच निघून हातात आलं. "पावनेचार! मंग पाच! मंग धा! माझी पोर काय ड्राफ्ट हाय, भाव चढेपर्यंत धरून ठेवायला?" बाबांचा असा आवाज मी सिडकोनं नव्या शहरासाठी शेत घेतलं त्यानंतर ऐकला नव्हता. अंगठी, नायलॉनची साडी, टू-इन-वन, सगळं आईनं टोपलीत भरून भागीरथीबाईच्या पुढ्यात ठेवलं. ती बिचारी रडायला लागली. म्हणाली, "मीच सांगायला पायजे होता. पोरगा हातचा गेला होता, मना लाज वाटली." आईनं तिला चहा दिला. मला भागीरथीबाईचा रागच येईना.

किसननंच आणलेली ही डायरीही टोपलीत टाकावी का, असं मनात आलं. पण यात दुसऱ्याच माणसाचं सगळं लिहिलंय! ठेवून घेतली.

शुक्रवार, २२ मार्च. पाडवा

आज बँकेला सुट्टी. दर नाही. मी गुढीला हार घालत होते आणि बघते तर गल्लीच्या तोंडाशी आकाशी शर्ट! बरोबर काठाचं लुगडं नेसलेली सुमित्राबाई, हातात मोऱ्याच्या कोळंबीची पिशवी. आईला जराही आश्चर्य वाटलं नाही. पाटावर रांगोळी आधीच काढून ठेवली होती हिनं! शेवंताबाईही सकाळपासून ओसरीवर ठाण मांडून बसली होती, मी म्हटलं गुढीचा प्रसाद खायला आली असेल.

बाबा मात्र दुधानं तोंड पोळलेल्या माणसासारखे बसले होते. एक वर्षापूर्वी याच ओसरीवर त्यांनी एक सोयरीक केली होती. पाणी झालं, चहा झाला, करंजी झाली. बाबा नुसती बशी फिरवत होते. धर्मराजच्या कपाळावर घाम. मी दारामागं, कान लावून. बाबा नाही म्हणाले तर? पोरानं आमच्या पोरीला खोटा दर सांगितला, हे त्यांनी देवजीकाकांच्या त्रेपन्नवरून कधीच ओळखलं होतं. ते त्यांना आवडलंय की नाही, ते मात्र कोणालाच माहीत नव्हतं.

शेवटी बाबांनी घसा खाकरला. "लगीन तर करनार बोलतोस. पन कवा? कशावर अडलाय तुमचा? आधीच सांगून टाक. आमी आता आकडे मोजनार नाय."

धर्मराज उभा राहिला. चष्मा नीट केला. म्हणाला, "काका, तुम्ही म्हणाल तेव्हा. माझा पगार रुपयांतच आहे."

मग बाबांच्या पोटातून हसू निघालं, ते थांबेचना. करंजीचा तुकडा घशात अडकला, आईनं पाठीत धपाटे घातले, देवजीकाका शेजारून धावत आले. बाबा डोळे पुसत पुसत एवढंच म्हणत होते, "रुपयांत हाय! आयकलं का, रुपयांत हाय!" शेवंताबाईनं विचारायचं सोडून दिलं, सरळ अक्षय्यतृतीयेचा दिवस सांगितला, "आखातीज. मी रिकामी हाय." आणि तिथंच पान तोंडात धरून पहिला धवला सुरू केला. गल्लीतल्या बायका ऐकून गोळा झाल्या. टपरीवरनंही माणसं आली. आज काय फुटला, हे एकानंही विचारलं नाही.

जाताना धर्मराजनं हळूच एक चिठोरं माझ्या हातात दिलं. दर नव्हता. नुसती होडी.

लिहिता लिहिता डायरी संपली. हे शेवटचं पान, डिसेंबरचं, पहिल्या दिवशी चुकून नाव घातलं ते. 'काशी गोटीराम, मुक्काम करावे.' आखातीजेनंतर यातलं बरंच खोडावं लागेल. 'काशी' तेवढं राहील, आणि मुक्काम मोरा.